बंद लिहिलेले गाळे

नगररचना कार्यालयात तिला अठरा वर्षं झाली होती. कामाला जिथे जायची तिथे लोक तिला मोजणीबाई म्हणायचे, आणि ते नाव इतकं रुळलं होतं की कार्यालयातला शिपाईसुद्धा फोनवर "मोजणीबाई बाहेर गेल्यात" असंच सांगायचा. तिने आजवर नाले मोजले होते, रस्ते मोजले होते, एकदा भांडणाऱ्या दोन भावांमधली हातभर रुंदीची जागा मोजून दोघांच्याही शिव्या खाल्ल्या होत्या. घाबरली मात्र कधी नव्हती. त्या कामात घाबरण्यासारखं काही असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी शहराचा नवा आराखडा व्हायचा होता. शहराच्या मधोमध, कालव्याला लागून, कारखान्यांचा जुना पट्टा होता. चार गल्ल्या, शहाण्णव गाळे. कुणी स्प्रिंगा वळायचं, कुणी पितळ ओतायचं, कुणी प्लेटिंग करायचं, कुणी दवाखान्यातल्या खाटांचे पाय बनवायचं. आराखड्यात हा पट्टा 'औद्योगिक' होता. तिथे कारखानाच चालवता येई, घरं बांधता येत नसत. पण आता तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले होते, आणि ते बांधणाऱ्यांचा डोळा या जागेवर होता. नव्या नियमात एक कलम होतं. निम्म्याहून जास्त गाळे बंद पडलेले आढळले, तर पट्टा निवासी करता येईल. नाहीतर पुढची वीस वर्षं तो कारखान्यांचाच राहील.

"म्हणजे एकोणपन्नास," मोठे साहेब तिला म्हणाले. सात महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते. "एकोणपन्नास बंद निघाले की विषय संपला. तुम्ही जा, बघा, लिहा. आपण कुणाच्या अध्यात ना मध्यात."

पहिल्या दिवशी सकाळी नऊला ती पहिल्या गल्लीत शिरली. गाळा चालू की बंद हे ओळखायची तिची स्वतःची रीत होती. नुसत्या दारावर ती विसंबत नसे. विजेचं मीटर बघायची, उंबऱ्याशी लोखंडाचा ताजा कीस पडलाय का बघायची, आणि आत शिरता आलं तर यंत्रावर तळहात ठेवायची. यंत्र कोमट लागलं की फॉर्मवर 'चालू' लिहायची.

दुपारपर्यंत तिला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. एका गल्लीत नऊ दारांना नवीकोरी कुलपं होती, पण बाजूची मीटरं फिरत होती. एका पत्र्याच्या दारामागून कानस घासल्याचा आवाज येत होता. तिने कडी वाजवली. आवाज थांबला. पुन्हा वाजवली. काहीच नाही. ती वाकली आणि दाराखालच्या फटीतून तिने आत पाहिलं. दोन पाय दिसले, जुन्या चपला घातलेले, अगदी दाराजवळ, निश्चल.

"मी नगररचनेतून आलेय," ती म्हणाली. "गाळ्यांची नोंद करायला."

ते पाय आवाज न करता एकेक पाऊल मागे सरकले आणि अंधारात दिसेनासे झाले.

भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

"बाई, तिथे नका वाजवू," मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं. शेजारच्या गाळ्याच्या कोपऱ्यावरून एक म्हातारी तिला हाताने बोलावत होती. चष्म्याला दोरा बांधलेला, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, केसांत लाकडाचा भुसा. "मागून या. पुढचं दार आम्ही उघडत नाही."

ही गाळा क्रमांक एकाहत्तरची मालकीण. सगळी गल्ली तिला साचेवाल्या मावशी म्हणायची. भट्टीत धातू ओतण्याआधी ज्या आकाराचा साचा पाडायचा, तो आकार ती आधी लाकडात कोरायची. चाळीस वर्षं तेच काम. सत्तरीला आली होती, पण हातातली पटाशी डॉक्टरच्या सुरीसारखी स्थिर. गाळ्यात सरस आणि ओल्या लाकडाचा वास होता. मावशींनी तिला भांडंभर पाणी दिलं. तिने ते एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं.

"सगळे कुलूप लावून आत का बसलेत?" तिने विचारलं.

"बसले नाहीत, काम करताहेत." मावशींनी स्टूल पुढे सरकवलं. "तीन महिन्यांपूर्वी प्लेटिंगवाल्याचे ॲसिडचे दोन ड्रम कुणीतरी आडवे केले. मग शेजारच्या स्प्रिंगवाल्याची वायर कापली. मग भट्टीवाला सायकलवरून येत होता, त्याला मागून गाडीने ढकललं. पाय मोडला बिचाऱ्याचा. ज्याचं दार उघडं दिसेल त्याच्यावर काहीतरी बेततं. म्हणून आता शेजारी बाहेरून कुलूप घालतो, संध्याकाळी शेजारीच काढतो. मला मागचं दार तरी आहे. स्प्रिंगवाल्याला तेही नाही."

"आणि आत आग लागली तर?"

"तर चुलीवर पातेलं ठेवायची गरज नाही," मावशी म्हणाल्या आणि स्वतःच्याच विनोदाला हसल्या. मोजणीबाईला हसू आलं नाही.

"मावशी, अहो पण तुम्ही बंद दिसलात की त्यांचं आयतंच फावतंय. कुणी नुसती कुलपं मोजली तर?"

"तर सुंठीवाचून खोकला गेला त्यांचा. कळतं हो आम्हाला. पण माणूस घाबरला की आधी दार लावतो, अक्कल नंतर येते."

पुढचे तीन दिवस मावशींनी तिला मागच्या बोळांतून, सामाईक भिंतीतल्या खिडक्यांतून, गाळ्यागाळ्यात नेलं. स्प्रिंगवाल्याच्या दाराचं कुलूप त्यांनी पलीकडच्या शेजाऱ्याकडून किल्ली आणून स्वतः काढलं, ती आत गेल्यावर पुन्हा लावलं आणि दहा मिनिटांनी उघडलं. ती दहा मिनिटं तिला तासाएवढी वाटली. स्प्रिंगवाल्याने चपला घातल्या होत्या, जुन्या. तिने त्याच्या यंत्रावर हात ठेवला. गरम होतं.

शेवटी हिशेब लागला. त्रेसष्ट चालू, तेहतीस बंद. पट्टा वाचत होता, आणि तोही काठावर नाही, चांगल्या अंतराने.

चौथ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. त्यांना पाहताच बोळात उभे असलेले दोघे आत सटकले.

"दमलात ना ताई?" ते म्हणाले. "ऊन फार आहे. तब्येतीला जपा."

ते निघून गेल्यावर तिने मावशींना विचारलं, "कोण हे?"

"जावईबापू," मावशी म्हणाल्या. "खरं नाव कुणाला माहीत नाही. हात हलवत येतात, आणि आपण उठून उभं राहायचं. कुणाच्या बायकोला मुतखडा झालाय, कुणाचा भाऊ परगावी असतो, सगळं तोंडपाठ. कधी आवाज चढवत नाहीत. ते येऊन गेले की आठवड्याभरात काहीतरी होतं."

त्या दिवशी ती साडेपाचला घरी पोचली. तिसऱ्या मजल्यावर, तिच्या दाराबाहेर, काळ्या बुटांचा एक जोड नीट लावून ठेवला होता. नवऱ्याचा नव्हता. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता आणि सातशिवाय येत नसे. घरी यावेळी बारा वर्षांची लेक एकटी असायची.

किल्ली कुलपात जाईना.

जावईबापू खुर्चीत बसले होते. समोर लेक, जिला घरात सगळे चिमणी म्हणत, तिची चित्रकलेची वही घेऊन उभी होती.

"या, या," ते म्हणाले, जणू घर त्यांचंच. "लेक हुशार आहे हो तुमची. हा पूल बघा, किती हुबेहूब काढलाय. शाळेतून एकटीच येते म्हणे. धीट आहे."

"काय काम होतं?" तिने विचारलं.

"काम कसलं? ओळख ठेवावी माणसाने." ते उठले. "तुमच्या कामात लुडबुड करायची नाही मला. नियम काय म्हणतो, पाहिलं ते लिहा. दाराला कुलूप दिसलं की बंद. मागच्या बोळातून कशाला फिरायचं ताई? तिथे साप निघतात."

त्यांनी चिमणीच्या डोक्यावर हात ठेवला, बूट घातले आणि शांतपणे जिना उतरून गेले. पावलं मोजावीत इतक्या सावकाश.

"आई, मी दार उघडायला नको होतं का?" चिमणी म्हणाली. "ते म्हणाले तुझ्या ऑफिसातले आहेत."

नवरा आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो हातपाय न धुताच बसून राहिला.

"पोलिसांत जाऊ," ती म्हणाली.

"काय सांगणार? पूल छान काढलाय म्हणाले, हे?" तो म्हणाला. "मी त्यांच्याच टॉवरांच्या लिफ्टा बघतो. त्या माणसाला तिथे पाहिलंय मी. त्याला बघून मॅनेजर उभा राहतो. ऐक माझं. तू लिहिलं काय नि न लिहिलं काय, आज ना उद्या ती जागा जाणारच आहे."

"माझ्या सहीने जाणार नाही."

"सही तुझी आहे. पोर दोघांची आहे."

ती उठून दाराची कडी पुन्हा तपासून आली.

दोन दिवस ती फॉर्म घेऊन कार्यालयात बसली आणि आकडे साफ करून लिहायचं टाळत राहिली. गुरुवारी संध्याकाळी तिने घरी फोन केला. चिमणी पावणेपाचला घरी येत असे. पाच वाजले, फोन उचलला नाही. पाच दहा. तिने शाळेत फोन लावला. सगळी मुलं केव्हाच गेली म्हणाले. ती पर्स तशीच टेबलावर टाकून निघाली. रिक्षात बसल्यावर तिने पत्ता न सांगता नुसता हात दाखवला. रस्त्यावरच्या प्रत्येक निळ्या दप्तराकडे ती मान वळवून बघत होती.

घराखाली चिमणी उभी होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

"कुठे होतीस?"

"ते काका भेटले ना शाळेजवळ. परवा आलेले. म्हणाले, सोडतो. मग त्यांनी गाडीतून खूप लांबून फिरवलं, कालव्याच्या बाजूने. म्हणाले, आईला सांग, आम्ही पूल बघून आलो." चिमणीचा चेहरा आईकडे बघता बघता उतरला. "मी नको म्हटलं होतं आई. पण दार आतून उघडत नव्हतं."

तिने लेकीला जवळ घेतलं नाही, ओरडलीही नाही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली.

शुक्रवारी सकाळी तिने अहवाल लिहिला. एकोणीस गाळे तिने चालूमधून उचलून बंदमध्ये टाकले, सगळे बाहेरून कुलूप असलेले. बावन्न बंद, चव्वेचाळीस चालू. एकाहत्तर क्रमांकापुढे लिहिलं: 'दोन वर्षांपासून बंद, यंत्रसामग्री नाही.' लिहिताना हात अजिबात थरथरला नाही, आणि याचंच तिला पुढे कितीतरी दिवस आश्चर्य वाटत राहिलं.

साहेबांनी न वाचता सही केली. "सुटलात," म्हणाले.

पण ती सुटली नाही. यादी प्रसिद्ध झाली आणि सगळं शांत झालं. कुणी आलं नाही, कुणाचा फोन नाही. चिमणी वेळेवर घरी यायची. आता ती दार कुणालाही उघडत नसे, आईलासुद्धा आधी आवाज ऐकून मग. आणि मोजणीबाईला वाटायचं, एकदा जावईबापूच्या मनासारखं केलं ते त्याच्या वहीत लिहिलं गेलंय. उद्या दुसरी जागा निघेल, दुसरा आराखडा, आणि तो पुन्हा येईल. मग पुन्हा ते बूट दाराबाहेर. जेवताना जिन्यात पाऊल वाजलं की घास तोंडातच राहायचा. दरवेळी ते वरच्या मजल्यावरचे आजोबा असायचे.

महिन्याभराने सुनावणी लागली. ज्यांना हरकत असेल त्यांनी यावं, सांगावं. बाहेरगावहून एक अधिकारी बाई नेमल्या होत्या. साठ जणांनी हरकती पाठवल्या होत्या. सभागृहात आले चौघे. टॉवरवाल्यांचे वकील पहिल्या रांगेत. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, जावईबापू. त्यांनी मोजणीबाईला मान लववून नमस्कार केला.

पहिल्या तिघांनी बोलायला उभं राहून चाचरत हरकत मागे घेतली. एकाने तर आपलं नाव चुकून यादीत आल्याचं सांगितलं. त्यांच्याकडे बघताना तिला लाज वाटली नाही; आपण त्यांच्यातलेच आहोत असं वाटलं.

चौथ्या होत्या मावशी. त्यांना माइक नीट धरता येईना, तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला.

"गाळा क्रमांक एकाहत्तर," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपासून बंद, यंत्रसामग्री नाही, असं लिहिलंय. सही या बाईंची आहे. मला फार बोलता येत नाही. एकच विचारायचंय. बाई, त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे पाणी प्यायलात. दोन भांडी. बंद गाळ्यात तुम्हाला पाणी कुणी दिलं?"

मागे कुणीतरी हसलं. वकील उठले, म्हणाले, हा पुरावा नव्हे. अधिकारी बाईंनी त्यांना हाताने बसवलं आणि मोजणीबाईकडे पाहिलं. "उत्तर द्यायचंय का तुम्हाला?"

साहेबांनी टेबलाखालून तिच्या साडीचा काठ ओढला. "बसून राहा," ते ओठ न हलवता म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन वाजले होते. चिमणीचा आता खेळाचा तास असेल, मैदानावर, कुंपणापलीकडे रस्ता. दुसऱ्या रांगेतला माणूस हसत होता. ती बसून राहिली असती तर काहीच झालं नसतं. पण मावशी अजून उभ्याच होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या खरोखरच उत्तराची वाट बघत होत्या.

"यांनीच दिलं," ती उठत म्हणाली. "गाळा चालू होता. यादीतले एकोणीस गाळे मी बंद लिहिलेत. ते सगळे चालू आहेत. मी यंत्रांना हात लावून पाहिलंय."

सभागृहात कुजबूज उठली.

"मग बंद का लिहिलेत?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"भीतीने."

"कुणाच्या?"

तिने बोट उचललं नाही. ते जमलं नाही तिला. "त्यांचं नाव मला माहीत नाही," ती म्हणाली. "गल्लीत त्यांना जावईबापू म्हणतात."

सगळं सभागृह खो खो हसलं. वकील हसले, पट्टेवाला हसला. जावईबापूही हसले, मान मागे टाकून, अगदी मनापासून.

बाहेर पडताना दार त्यांनीच तिच्यासाठी उघडून धरलं.

"ताई, सांभाळून," ते म्हणाले. "पायऱ्या ओल्या आहेत."

पायऱ्या कोरड्या ठणठणीत होत्या.

ती धावतच शाळेत गेली. चिमणीला वर्गातून उठवून, अंगावरच्या गणवेशात, तिने बसस्टँड गाठलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आधी सांगायचंस तरी." पण तो आला. स्टँडवर त्याच्या हातात चिमणीचे कपडे भरलेली पिशवी होती, वर तिची चित्रकलेची वही. पहिल्या बसने त्याने लेकीला आपल्या बहिणीकडे नेलं, दुसऱ्या गावी. खिडकीतून चिमणीने विचारलं, "किती दिवस, आत्याकडे?" तोवर बस हलली.

तिला निलंबित केलं. नवऱ्याला टॉवरांच्या लिफ्टांवरून काढून शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकलं. अधिकारी बाईंनी फेरमोजणीचा हुकूम दिला. तीन जणांची समिती, पंधरा दिवसांत, आणि जे गाळे उघडे दिसतील तेच चालू धरले जातील. मावशी दारोदार फिरल्या. उघडा म्हणाल्या, निदान तो एक दिवस तरी. कुणी हो म्हटलं, कुणी नुसतं ऐकून घेतलं. कुलपं तशीच राहिली.

मग समिती यायच्या चार दिवस आधी, दुपारी दोनला, स्प्रिंगवाल्याच्या गाळ्यातून धूर यायला लागला.

तो आत होता. दार बाहेरून बंद, आणि ज्या शेजाऱ्याकडे किल्ली होती तो बँकेत गेलेला. आतून पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज चारी गल्ल्यांत ऐकू जात होता. मावशींनी त्यांच्या बाजूच्या भिंतीवर कुऱ्हाड घातली, भट्टीवाला लंगडत घण घेऊन आला. कडी तुटायला सात-आठ मिनिटं लागली. तो रांगत बाहेर आला तेव्हा जिवंत होता, पण तापलेला पत्रा ढकलून ढकलून दोन्ही तळहात भाजले होते. आग कशी लागली ते कळलं नाही. कागदावर 'शॉर्ट सर्किट' लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कुलपं एकेक करून निघाली. सगळी नाही. काही जण त्याच आठवड्यात गाळा सोडून गेले. समिती आली तेव्हा पंचावन्न दारं उघडी होती, पंचावन्न यंत्रं चालू. शिपायाने तिला फोन करून सांगितलं, "बाई, काय आवाज हो! समितीवाले एकमेकांच्या कानात ओरडत होते." एक्केचाळीस बंद. पट्टा औद्योगिक राहिला, वीस वर्षांसाठी.

ही बातमी कळली तेव्हा ती घरात एकटी होती, दाराला दोन कड्या लावून. तिला आनंद झाला की नाही हे तिलाच कळलं नाही. तिने आधी खिडकीतून खाली पाहिलं.

तिच्या चौकशीत एक तरुण अधिकारी होता, वागायला सभ्य.

"त्यांनी धमकी दिली, असं तुम्ही म्हणता. नेमके शब्द सांगा."

तिने सांगितले. लेक हुशार आहे. मागच्या बोळात साप निघतात. आम्ही पूल बघून आलो.

त्याने पेन वहीवर टेकवलं आणि पुन्हा उचललं. "मुलीला गाडीत घेऊन गेले, ते लिहितो. पण ती सुखरूप परत आली. बाकी यात धमकीचा एकही शब्द नाही, बाई. मी काय लिहू?"

सहा महिन्यांनी तिला कामावर परत घेतलं, खालच्या पदावर, दफ्तरखान्यात. जावईबापूंचं काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. गल्लीत ते पुन्हा दिसले नाहीत. "दुसरं सासर मिळालं असेल," मावशी म्हणाल्या.

हे त्या म्हणाल्या तेव्हा ती त्या सगळ्यानंतर पहिल्यांदाच गल्लीत गेली होती. सुट्टीच्या दिवशी, सकाळी. ती मावशींकडे थोडा वेळ बसली, मग शेजारी स्प्रिंगवाल्याच्या दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडं होतं. पत्रा नवा बसवलेला, भिंत अर्धी काळी. त्याची बायको यंत्रावर तार वळत होती आणि तो शेजारी उभा राहून तिला सांगत होता, जरा सैल, आता ओढ. त्याचे तळहात गुलाबी, चकचकीत, बोटं अर्धवट मिटलेली.

"मी माफी मागायला आलेय," ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. "सुनावणीत बोललात, ते बरं केलंत," तो म्हणाला. "पण आधी जी यादी आली ना, ती मी वाचली होती. माझ्या नावापुढे बंद लिहिलं होतं. मी म्हटलं, सरकारच बंद म्हणतंय, तर आता दार उघडून कुणाला दाखवायचं? त्याआधी मी उघडायचं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं."

त्याची बायको यंत्र थांबवून बघत होती.

"चालू ठेव," तो बायकोला म्हणाला आणि तिच्याकडे पाठ करून पुन्हा तारेकडे वाकला.

ती बाहेर आली. मावशी आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्याला वेळ लागेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मलाही लागतोय, खरं सांगायचं तर. पण येत जा."

गल्लीच्या तोंडाशी ती वळली तेव्हा एक पांढरी गाडी मागून आली आणि तिच्या बरोबरीने हळू झाली. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, पर्स छातीशी धरून. काच खाली आली. आत एक वयस्कर जोडपं होतं. त्यांच्या मुलाने टॉवरमध्ये घर घेतलं होतं आणि त्यांना फाटक सापडत नव्हतं.

"पुढे जा, मग उजवीकडे," तिने सांगितलं. गाडीतल्या बाईंनी आभार मानले, तब्येत बरी नाही का असंही विचारलं. "नाही, ठीक आहे," ती म्हणाली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच थांबली. संध्याकाळच्या बसने चिमणी आत्याकडून घरी यायची होती, आणि बसला अजून सहा तास होते.